गलाई
सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा व्यवसाय. सांगली जिल्ह्यातील खानापूर (विटा) व आटपाडी, तसेच सातारा जिल्ह्यातील खटाव व माण या दुष्काळी तालुक्यांतील अनेक कुटुंबे तो करतात. खुद्द या भागात सोन्याची खाण नाही. येथील खडक सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, दख्खनचा बेसाल्ट. महाराष्ट्रात सोन्या-तांब्याचे पूर्वेक्षण झाले ते मुख्यतः विदर्भातील प्राचीन खडकांत. पावसाने पाठ फिरवलेल्या माणदेशी शेतकऱ्यांनी मात्र केरळ, तमिळनाडूपासून उत्तर भारतापर्यंतच्या सराफ पेठांत भट्ट्या मांडल्या.

जुने दागिने मुशीत टाकणखार घालून वितळवतात. सोन्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होईल इतकी चांदी त्यात मिसळतात. सोने जास्त राहिले तर आम्ल आतवर पोचत नाही. मग नायट्रिक आम्लात तांबे व चांदी विरघळतात आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. तेच शुद्ध सोने, पण पुन्हा वितळवेपर्यंत त्याला झळाळी नसते. उरलेल्या द्रावात तांब्याचे पत्रे सोडले की चांदी करड्या भुकटीच्या रूपात खाली बसते आणि द्राव निळा होतो. यातील कौशल्य खरोखर थोर आहे, पण त्याची किंमत कारागिरांच्या फुप्फुसांना मोजावी लागते : आम्लातून निघणारा तांबूस धूर विषारी असतो, आणि भट्टी बहुधा लहानशा खोलीतच असते.