बोट सुटण्यापूर्वीचे क्वेबेक

सेंट लॉरेन्स नदीतून अटलांटिक महासागराकडे जाणाऱ्या पर्यटनाच्या बोटी कॅनडातील क्वेबेक शहराच्या धक्क्याला लागतात, तेव्हा प्रवासी उतरतो तो जवळजवळ सतराव्या शतकातच. पुष्कळशा बंदरांत धक्का आणि जुने गाव यांच्यामध्ये गुदामे, रेल्वेचे रूळ आणि धुळीचा लांबलचक रस्ता असतो. येथे पाचदहा मिनिटे चालले की दगडी भिंतींची, उतरत्या छपरांची घरे सुरू होतात. त्यामुळे बोट सुटण्यापूर्वी दोन-तीन दिवस हाताशी ठेवून येथे येण्याचा प्रघात पडला आहे. तो शहाणपणाचा आहे. समुद्र सर्वत्र सारखाच असतो. क्वेबेक मात्र एकच आहे.

फ्रेंच लोक त्याला केबेक म्हणतात, पण शब्द फ्रेंच नव्हे. येथील मूळ रहिवाशांच्या अल्गोंक्विन भाषांत त्याचा अर्थ ‘नदी अरुंद होते ती जागा’ असा आहे. समुद्राकडून येणारे विशाल पात्र या ठिकाणी एक किलोमीटरच्या आत आकसते आणि वर एक उंच कडा उभा राहतो. ज्याच्या हाती हा कडा, त्याच्या हाती सबंध नदी. पुढील तीनशे वर्षांचा इतिहास या एका वाक्यात आला, असे म्हणण्यास हरकत नाही.

जाक कार्तिए हा फ्रेंच दर्यावर्दी १५३५ साली येथे आला, तेव्हा कड्याच्या आसपास स्तादाकोना नावाचे गाव नांदत होते. हिवाळ्यात त्याच्या माणसांना स्कर्व्हीने ग्रासले. हिरड्या सुजू लागल्या, माणसे मरू लागली. तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना एका झाडाची पाने व साल उकळून काढा करावयास शिकविले, आणि जे जगावयाचे ते त्या काढ्याने जगले. कार्तिएने या उपकाराची फेड कशी केली? वसंतात परत निघताना गावाचा प्रमुख दोन्नाकोना यालाच धरून त्याने फ्रान्सला नेले. दोन्नाकोना तेथेच मरण पावला. त्याला आपले गाव पुन्हा दिसले नाही. शहराच्या पाटीपुस्तकांत हा प्रसंग फार थोडक्यात आटोपलेला असतो.

शहराची रीतसर स्थापना सॅम्युएल द शांप्लँ याने ३ जुलै १६०८ रोजी केली. पहिल्या हिवाळ्याला अठ्ठावीस माणसे सामोरी गेली आणि वसंतात आठ उरली. ज्या जागी त्याने लाकडी वस्ती उभारली, तो आजचा राजचौक, म्हणजे प्लास रुआयाल. त्याच्या एका बाजूला ‘विजयांची माता’ या नावाचे लहानसे चर्च आहे. १६९० साली इंग्रजांचा हल्ला परतला आणि १७११ साली त्यांचे आरमार नदीच्या मुखाशीच फुटले, म्हणून हे अनेकवचन. आत शिरल्यावर छताला टांगलेले एका जहाजाचे छोटे लाकडी प्रतिरूप दिसते. देवळात घंटा टांगावी तसे चर्चमध्ये जहाज टांगणाऱ्या लोकांचे सारे जीवित कशावर अवलंबून होते, हे निराळे सांगावयास नको.

वरचे गाव आणि खालचे गाव असे शहराचे दोन मजले आहेत. वर सरकार, धर्मपीठ, मठ. खाली व्यापारी आणि खलाशी. दोहोंना जोडणाऱ्या जुन्या जिन्याला ‘मानमोडी’ असे सार्थ नाव आहे. गुडघे कुरकुरणाऱ्यांसाठी १८७९ पासून तारेने ओढला जाणारा डबाही आहे. त्यात बसण्यात कमीपणा नाही.

वरच्या गावाच्या पश्चिमेस अब्राहमचे मैदान म्हणून एक विस्तीर्ण हिरवळ आहे. तेथे मुले चेंडू खेळतात आणि म्हातारी माणसे बाकांवर बसतात. १३ सप्टेंबर १७५९ च्या सकाळी या हिरवळीवर उत्तर अमेरिकेची भाषा ठरली. इंग्रज सेनापती जेम्स वुल्फ उन्हाळाभर शहराला वेढा घालून बसला होता. पलीकडच्या काठावरून होणाऱ्या तोफांच्या माऱ्याने खालचे गाव जळून गेले, तरी कडा हाती येईना. नदीतील अवघड वाट बुडीद टाकून मोजणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांत जेम्स कुक नावाचा एक जहाजावरचा मास्तर होता; पुढे पॅसिफिक महासागर धुंडाळणारा तो हाच. शेवटी वुल्फने रात्री होड्या सोडल्या. काठावरील फ्रेंच पहारेकऱ्याने हाक दिली, तेव्हा होडीतून एका स्कॉटिश अधिकाऱ्याने अस्खलित फ्रेंचमध्ये उत्तर दिले. त्या रात्री फ्रेंचांच्या धान्याच्या होड्या येणार होत्या. तो बेत रद्द झाल्याचे पहारेकऱ्यांना कोणी कळविले नव्हते. होड्या निघून गेल्या. ज्या भाषेचे राज्य त्या सकाळी बुडाले, तिच्याच दोन शब्दांनी शत्रूला वाट मिळावी, हा दैवाचा क्रूर विनोद होय.

पहाट झाली तेव्हा साडेचार हजारांच्या आसपास इंग्रज सैनिक कडा चढून मैदानावर रांगा धरून उभे होते. फ्रेंच सेनापती मार्की द मोंकाल्म याने कुमकेची वाट न पाहता हल्ला केला. खरा भडिमार पाव तासात संपला. वुल्फ रणांगणावरच पडला. मोंकाल्म जखमी होऊन दुसऱ्या दिवशी पहाटे वारला. उर्सुलाईन जोगिणींच्या मठात तोफगोळ्याने जमिनीला पडलेल्या खळग्यात त्याला पुरले, अशी हकीगत आहे. २००१ साली त्याच्या अस्थी तेथून काढून सामान्य रुग्णालयाच्या दफनभूमीत, त्याच्या सैनिकांशेजारी ठेवण्यात आल्या.

तथापि पाव तासात राज्य बुडते ही कल्पना शाळकरी आहे. पुढच्या एप्रिलमध्ये लेव्ही या फ्रेंच सेनानीने त्याच परिसरात इंग्रजांना हरविले होते. मग दोन्ही पक्ष नदीचे बर्फ वितळण्याची आणि समुद्राकडून पहिले जहाज कोणाचे येते याची वाट पाहत बसले. मे महिन्यात शीड दिसले. ते इंग्रजांचे होते. क्वेबेकचा निकाल मैदानावर लागला त्याहून अधिक समुद्रावर लागला, असे मला वाटते.

हे युद्ध आपल्याला परके नाही. इंग्रज आणि फ्रेंच यांच्यातील या सप्तवार्षिक युद्धाचे एक टोक सेंट लॉरेन्सवर होते, तर दुसरे कावेरीच्या मुलखात. हैदराबादेस निजामाच्या दरबारी फ्रेंचांचे वजन बसवून पेशव्यांशी झुंजलेला बुसी याला लालीने १७५८ साली दक्षिणेकडे बोलावून घेतले, आणि हैदराबादेतील फ्रेंच सत्ता ओसरली. जानेवारी १७६० मध्ये वांदिवाश येथे फ्रेंच हरले. पानिपत झाले १४ जानेवारी १७६१ रोजी, आणि त्याच आठवड्यात पाँडिचेरी इंग्रजांच्या स्वाधीन झाली. हिंदुस्थानात इंग्रजांना अडवू शकणाऱ्या दोन सत्ता एकाच आठवड्यात खचल्या, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन निरनिराळ्या प्रकरणांत विभागले गेल्यामुळे सहसा ध्यानात येत नाही. १७६३ च्या पॅरिसच्या तहात फ्रान्सला पाँडिचेरी परत मिळाली. साखरेची बेटेही त्याने परत मिळविली. कॅनडा मात्र सोडून दिला. बर्फाच्या मुलखापेक्षा ग्वादलूपची साखर त्याला मोलाची वाटली.

मागे राहिले ते साठसत्तर हजार शेतकरी, पाद्री आणि जोगिणी. दक्षिणेकडच्या इंग्रज वसाहतींत दहा लाखांहून अधिक लोक होते. बडे अधिकारी आणि पैसेवाले फ्रान्सला निघून गेले. राजा गेला, सरदार गेले, भाषा मात्र घरात राहिली. अशा भाषेचे पुढे काय होते, हा प्रश्न इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर किंवा बेळगाव येथील मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. त्यातही एक फरक आहे. आपल्या मागे पलीकडे महाराष्ट्र तरी होता. क्वेबेकच्या फ्रेंचांना त्यांच्या मायदेशाने कागदावर सही करून सोडले होते.

१७७४ च्या कायद्याने इंग्रजांनी त्यांना त्यांचा धर्म आणि दिवाणी व्यवहारात जुना फ्रेंच कायदा राखू दिला. हे औदार्य नव्हते. दक्षिणेकडील वसाहती बिथरत होत्या, तेव्हा उत्तरेकडील प्रजा शांत हवी होती. हिशेब बरोबर ठरला. १७७५ च्या शेवटच्या दिवशी अमेरिकन बंडखोरांनी क्वेबेकवर चाल केली, पण शहर पडले नाही. पुढे १८३७-३८ ची बंडे झाली आणि लॉर्ड डरहॅम चौकशीस आला. त्याच्या १८३९ च्या अहवालात हे लोक इतिहास नसलेले व वाङ्मय नसलेले आहेत आणि इंग्रजीत मिसळून जाण्यातच त्यांचे हित आहे, असा निर्वाळा होता. १८४० च्या कायद्याने कायदेमंडळाच्या दप्तराची भाषा केवळ इंग्रजी केली.

याला उत्तर दिले ते फ्रांस्वा-झाव्हिए गार्नो नावाच्या क्वेबेकच्याच एका नोटरीने. विद्यापीठात न शिकलेल्या, पुढे नगरपालिकेत चिटणिसी करणाऱ्या या माणसाने १८४५ पासून कॅनडाचा इतिहास खंडशः प्रसिद्ध केला. ग्रँट डफच्या बखरीवर आपल्याकडे नीळकंठराव कीर्तन्यांनी लेखणी उचलली, ती याच जातीच्या चिडीतून. ‘तुम्हांला इतिहास नाही’ हे वाक्य इतिहासकार निर्माण करते, हे राज्यकर्त्यांना कोठेच उमगलेले दिसत नाही.

मौजेची गोष्ट अशी, की या कथेत पुढे येणारे दोन इंग्रज अमलदार आपल्या ओळखीचे आहेत. फ्रेंचवरील ती बंदी उठल्यावर १८४९ साली कायदेमंडळापुढील भाषण इंग्रजीबरोबर फ्रेंचमध्येही वाचणारा गव्हर्नर जनरल लॉर्ड एल्गिन. तो पुढे हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि १८६३ साली धरमशाला येथे वारला. दुसरा लॉर्ड डफरिन. १८७१ मध्ये इंग्रज पलटणी हलल्यावर क्वेबेकच्या व्यापाऱ्यांना गाड्याघोड्यांच्या आड येणारा तट पाडून टाकावयाचा होता. वेशी पाडावयास प्रारंभही झाला होता. डफरिनने ते थांबविले आणि वेशी रुंद करून पुन्हा बांधविल्या. मेक्सिकोच्या उत्तरेस आज तटबंदी शाबूत असलेले हे एकच शहर आहे. साडेचार किलोमीटरांच्या त्या तटावरून फेरी मारता येते, आणि कड्याच्या काठावरील लाकडी फळ्यांच्या प्रशस्त सज्जाला डफरिनचेच नाव आहे. याच डफरिनच्या व्हाइसरॉयकीत १८८५ मध्ये मुंबईस काँग्रेस भरली, आणि १८८६ साली झांशीच्या मोबदल्यात ग्वाल्हेरचा किल्ला शिंद्यांना परत मिळाला. क्वेबेकचे दगड वाचविणाऱ्याने आपल्याकडील सुशिक्षितांच्या मागणीला मूठभरांची मागणी म्हणून उडवून लावले, हेही विसरू नये.

सज्जाला लागूनच असलेल्या बागेत १८२८ चा एक दगडी स्तंभ आहे. जिंकलेला वुल्फ आणि हरलेला मोंकाल्म या दोघांचे ते एकच स्मारक. शौर्याने दोघांना एकच मरण दिले, अशा आशयाचा लेख त्यावर कोरलेला आहे. मात्र तो ना इंग्रजीत, ना फ्रेंचमध्ये. तो लॅटिनमध्ये आहे. दोन भाषांच्या भांडणात मृत भाषेला बोलावण्याची ही युक्ती मला तरी फार बोलकी वाटली.

शहरातल्या फ्रेंचला जुन्या घरातील पितळी भांड्यांसारखी झाक आहे. पॅरिसमध्ये सकाळच्या न्याहारीचे, दुपारच्या व रात्रीच्या जेवणाचे शब्द कधीच सरकले; येथे ते जुन्याच जागी आहेत. खुद्द फ्रान्समधील रस्त्यावर गाडी थांबविण्याच्या पाटीवर ‘स्टॉप’ लिहिलेले असते, तर क्वेबेकमध्ये ‘आरे’! १९७७ च्या भाषेच्या सनदेने कामकाज, पाट्या आणि शाळा यांत फ्रेंचला प्रथम स्थान दिले. त्यापूर्वी अनेक पिढ्या भाषा सांभाळली ती मुख्यतः चर्चने, आणि त्याची किंमतही वसूल केली. शाळा, रुग्णालये, पुस्तके, विवाह, सारे पाद्र्यांच्या मुठीत होते. १९६० नंतर लोकांनी ती मूठ सोडविली. सरकारी शिक्षणखाते १९६४ साली निघाले. भाषेच्या सनदेनंतर पुष्कळ इंग्रजी कुटुंबे प्रांत सोडून गेली, आणि फ्रेंच न येणाऱ्या परक्या मजुराला आजही तिचा काच होतो. १९९५ च्या कौलात स्वतंत्र होण्याचा पक्ष जेमतेम एका टक्क्याच्या फरकाने हरला.

शहरालगत वेंडाके येथे वेंडाट लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज १६५० च्या सुमारास आश्रयाला येथे आले. त्यांची भाषा बोलणारे कोणी उरले नाहीत, आणि आता फ्रेंच पाद्र्यांनी लिहून ठेवलेल्या जुन्या कोशांवरून ती मुलांना पुन्हा शिकविण्याचा प्रयत्न चालू आहे. प्रांताचे ब्रीद ‘मी विसरत नाही’ अशा अर्थाचे असून ते ताशे या वास्तुविशारदाने १८८३ साली विधिमंडळाच्या नकाशात घातले. वेंडाकेहून परत येताना त्यातील ‘मी’ म्हणजे नेमका कोण, असा प्रश्न मनात येतो.

बोट सुटते तेव्हा डावीकडे उंच कड्यावर १८९३ चे शातो फ्राँतनाक हे मनोऱ्यांचे हॉटेल बराच वेळ दिसत राहते. मग ऑर्लिआँ बेटाच्या काठाने, नदीकडे टोक करून पसरलेल्या लांब, चिंचोळ्या शेतांच्या पट्ट्या लागतात. प्रत्येकाला नदीचा थोडा तरी काठ मिळावा म्हणून फ्रेंच अमलात पाडलेल्या या वाटण्या आहेत. आणखी खाली ग्रोस-इल नावाचे बेट येते. १८४७ साली आयर्लंडच्या दुष्काळातून पळालेल्यांची जहाजे येथे रोगी उतरविण्यासाठी थांबविली जात. त्या एका वर्षी पाच हजारांहून अधिक माणसे या बेटावर पुरली गेली. पोरक्या झालेल्या कित्येक मुलांना नदीकाठच्या फ्रेंच शेतकऱ्यांनी घरी नेले, आणि पुष्कळांनी त्यांची आयरिश आडनावे तशीच राहू दिली. आयरिश वंशाची फ्रेंच बोलणारी कुटुंबे येथे आजही पुष्कळ आढळतात. अशाच एका जॉन्सन घराण्यातील बाप आणि त्याचे दोन मुलगे क्वेबेक प्रांताचे मुख्यमंत्री झाले, आणि तेही तीन वेगवेगळ्या पक्षांतर्फे.