रोबोची हातगाडी

रोबोंच्या स्पर्धेत प्रेक्षकांचे लक्ष मैदानावर असते. एकेक सामना दोन-तीन मिनिटांचा. पण तेवढ्या वेळासाठी ते यंत्र कार्यशाळेतून ट्रकपर्यंत, ट्रकमधून स्पर्धागृहात, तेथे दुरुस्तीच्या जागेपासून मैदानाच्या कडेपर्यंत आणि पुन्हा मागे, असे दिवसभर हलवावे लागते. स्पर्धागृहाच्या बोळांतून रोबो स्वतःच्या मोटारींवर चालवायला सुरक्षिततेसाठी सहसा परवानगी नसते. मग हे काम करते एक साधी हातगाडी. रोबोविषयी पुष्कळ लिहिले जाते, या गाडीविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. आम्हाला तिच्यात शाळेच्या भौतिकशास्त्राचे निम्मे पुस्तक दिसते आणि चाकाचा बराचसा इतिहासही. तो येथे थोडक्यात पाहू.

गाडी लागली कधी?

अशा स्पर्धांच्या सुरुवातीला गाडीची गरजच नव्हती. 1970 नंतरच्या दशकात अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स यंत्ररचनेचा एक अभ्यासक्रम शिकवीत. प्रत्येक विद्यार्थ्याला सारख्याच किरकोळ वस्तूंचा संच मिळे. त्यातून त्याने यंत्र बनवायचे आणि दुसऱ्याच्या यंत्राशी झुंजवायचे. ही यंत्रे हातात उचलून नेण्याजोगी होती. जपानमध्ये प्राध्यापक मासाहिरो मोरी यांच्या प्रेरणेने 1988 साली एनएचके या प्रसारण संस्थेने तंत्रविद्यालयांची स्पर्धा सुरू केली. गंमत म्हणजे त्या पहिल्या स्पर्धेचा विषयच वाहनाचा होता: कोरड्या विद्युतघटांच्या ऊर्जेवर माणसाला वाहून नेणारी गाडी.

पुढे यंत्रे वाढत गेली. डीन केमन यांनी 1989 मध्ये अमेरिकेत 'फर्स्ट' ही संस्था स्थापन केली आणि फ्लॉवर्स तिच्या कामात सहभागी झाले. 1992 साली न्यू हॅम्पशायरमधील मँचेस्टर येथे एका शाळेच्या व्यायामगृहात तिची पहिली स्पर्धा झाली. संघ होते 28. या स्पर्धेत नंतर बरीच वर्षे रोबोच्या वजनाची मर्यादा 120 पौंड, म्हणजे सुमारे 54 किलोग्रॅम होती. बॅटरी आणि भोवतालचे धक्कारोधक त्यात धरलेले नव्हते. ते मिळवले की वजन 70 किलोग्रॅमच्या आसपास जाई. हायस्कूलच्या मुलांनी एवढे ओझे दिवसातून दहा-बारा वेळा हातांनी वाहणे शक्य नव्हते. तेथे हातगाडी आली, आणि तिच्यापाठोपाठ तिचे नियमही आले. गाडी 30 इंची, म्हणजे सुमारे 76 सेंटिमीटर रुंदीच्या दारातून जावी, ती सतत ताब्यात राहावी, तिच्यावर संगीत वाजवणारी उपकरणे नसावीत! या शेवटच्या नियमावरून मुलांनी गाड्यांवर काय काय बसवले असेल, याची कल्पना करता येते.

गाडी बनवायला बसले की तीन प्रश्न समोर येतात. फळी किती उंच ठेवायची? चाके कोठे बसवायची? ती केवढी घ्यायची? हे प्रश्न रोबोपेक्षा फार जुने आहेत.

फळीची उंची

फळी कमरेच्या उंचीची असेल तर दुरुस्ती करताना वाकावे लागत नाही. पण उंचावर ठेवलेला जड रोबो म्हणजे उंच गुरुत्वमध्य. समजा, फळी जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर आहे आणि 70 किलोग्रॅमच्या रोबोचा गुरुत्वमध्य फळीच्या वर 30 सेंटिमीटरवर, म्हणजे जमिनीपासून 90 सेंटिमीटरवर आहे. दोन्ही बाजूंच्या चाकांमधील अंतर 60 सेंटिमीटर धरू, कारण दाराची अट आपल्याला फार रुंद होऊ देत नाही. गाडीचे स्वतःचे वजन सोडून दिले, तर ती सुमारे 18 अंश कलली की उलटते. आता खालच्या फळीवर, जमिनीपासून 20 सेंटिमीटरवर, जादा बॅटऱ्या आणि हत्यारांची पेटी मिळून 30 किलोग्रॅम वजन ठेवू. एकत्रित गुरुत्वमध्य 69 सेंटिमीटरवर उतरतो आणि उलटण्याचा कोन साडेतेवीस अंशांवर जातो. वजन वाढवले आणि गाडी अधिक स्थिर झाली! विद्यार्थ्यांना हे आधी विचारावे आणि मग करून दाखवावे.

चाकांची जागा

एकचाकी ढकलगाडी चीनमध्ये फार जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील थडग्यांवरील चित्रांत ती दिसते. तेथे पुढे जी रचना रूढ झाली तिच्यात एक मोठे चाक मध्यभागी असते आणि ओझे त्याच्या दोन्ही बाजूंना व वर रचतात. जवळजवळ सगळा भार आसावर पडतो. माणसाने फक्त तोल सांभाळायचा आणि ढकलायचे. युरोपात ढकलगाडी साधारण तेराव्या शतकात प्रचारात आली. तिचे चाक पुढच्या टोकाला असते आणि ओझे चाक व हात यांच्या मध्ये. ही दुसऱ्या प्रकारची तरफ झाली. ओझे 60 किलोग्रॅम, आसापासून त्याचे अंतर 50 सेंटिमीटर आणि हातांचे 150 सेंटिमीटर असेल, तर 20 किलोग्रॅम भार हातांवर येतो. लांबच्या रस्त्यासाठी चिनी रचना सोयीची. बांधकामावर माती भरून चार पावलांवर ओतायची असेल तर युरोपीय रचना बरी, कारण ती पुढे झुकवली की रिकामी होते. एक चांगली आणि दुसरी वाईट असे नाही. काम कोणते, यावर चाकाची जागा ठरते.

रोबोच्या गाडीला चार चाके लागतात, कारण ती थांबल्यावरही कोणी न धरता उभी राहिली पाहिजे. चारही चाके सरळ रोखलेली असतील तर गाडी वळणार नाही. चारही फिरती असतील तर उतारावर ती आडवी धावेल. म्हणून बहुधा दोन चाके स्थिर आणि दोन स्वतःभोवती फिरणारी, म्हणजे बाजारात ज्यांना कॅस्टर म्हणतात तशी, बसवतात. कॅस्टर नीट पाहावे. चाक जमिनीला जेथे टेकते ती जागा त्याच्या उभ्या खिळीच्या बरोबर खाली नसते, थोडी मागे असते. त्यामुळे गाडी ढकलली की घर्षण चाकाला मागे ओढते आणि ते आपोआप गतीच्या दिशेला लागते.

चाकाचा आकार

स्पर्धागृहात जमीन गुळगुळीत असते, पण दारांना उंबरे असतात आणि जमिनीवर केबलींवरच्या पट्ट्या असतात. उंबरा 1 सेंटिमीटर उंच आणि चाक 10 सेंटिमीटर व्यासाचे घेऊ. त्रिज्या 5, आस उंबऱ्याच्या वर 4 सेंटिमीटर. मग आस आणि उंबऱ्याची कड यांतील आडवे अंतर 3 सेंटिमीटर. आपल्या ओळखीचा 3-4-5 चा काटकोन त्रिकोण! कडेभोवती भारभुजा 3 आणि बलभुजा 4, म्हणून आसाच्या उंचीवर लावायचे बल भाराच्या पाऊणपट. वरच्या उदाहरणातील 100 किलोग्रॅमपैकी निम्मा भार पुढच्या दोन चाकांवर धरला, तर सुमारे साडेसदतीस किलोग्रॅम-भार एवढे बल लागेल. चाक 25 सेंटिमीटर व्यासाचे घेतले तर हेच बल सुमारे 21 वर येते. बैलगाडीचे चाक एवढे मोठे का, याचे एक उत्तर येथेच मिळते.

चाक उशिरा का आठवते?

चाक पाच हजार वर्षांपेक्षा जुने. तरीही दुकानात सामान भरायची चाकांची गाडी सिल्व्हन गोल्डमन यांनी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटी येथे आणली ती 1937 मध्ये. सुरुवातीला गिऱ्हाइके तिला हात लावीनात, तेव्हा त्यांनी पगारी माणसे नेमून ती दुकानात फिरवली. प्रवासी बॅगेला चाके लावण्याचे बर्नार्ड सॅडो यांचे पेटंट 1972 चे आहे. म्हणजे माणूस चंद्रावर आधी उतरला आणि बॅगेला चाके नंतर लागली. याचे एक कारण गुळगुळीत फरशीची लांबलचक विमानतळे तेव्हा नवी होती, हे आहे. दुसरे कारण आमच्या मते अधिक महत्त्वाचे आहे. ओझे हमालाच्या डोक्यावर असेपर्यंत ज्याची बॅग आहे त्याला चाकाची आठवण होत नाही. जे काम दुसरा करतो, त्यातली अडचण आपल्याला अडचण वाटत नाही.

आपल्याकडचे एक उदाहरण याच्या उलट आहे. 'ॲपल' हा भारतीय दळणवळण उपग्रह 19 जून 1981 रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून अवकाशात गेला. सुमारे 670 किलोग्रॅमचा हा उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला असल्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. ते आपल्या गरिबीची खूण म्हणून अनेकदा दाखवले जाते. प्रत्यक्षात त्या वेळी उपग्रहाच्या अँटेनाची मोकळ्या मैदानात चाचणी घ्यायची होती. धातूच्या वाहनावरून विद्युतचुंबकीय लहरी परावर्तित होऊन मापन बिघडले असते. लाकडी गाडीने ती अडचण दूर केली. शास्त्रज्ञांनी तेथे गाडीकडे उपकरणाचाच एक भाग म्हणून पाहिले होते.

शाळेपुरते

आशियाई विद्यापीठांची 'रोबोकॉन' स्पर्धा 2002 साली टोकियोत सुरू झाली. 2008 आणि 2014 मध्ये ती पुण्यात झाली, आणि 2008 चा विषय तर आपली दहीहंडी होता. 2016 नंतर अटल टिंकरिंग प्रयोगशाळांमुळे अनेक शाळांतही रोबोचे संच आले. पण संच एक आणि मुले चाळीस, हे चित्र शिक्षकांच्या परिचयाचे आहे. दोन-तीन हुशार मुले संगणकापाशी बसतात, बाकीची मागे उभी राहून पाहतात.

या मागच्या मुलांना गाडीचे काम द्यावे. त्याला महाग संच लागत नाही. जुन्या सायकलची चाके, लाकडी फळ्या, गावातला सुतार आणि वेल्डिंगवाला एवढे पुरते. शाळेत रोबो नसला तरी पाण्याची पिंपे, खेळाचे साहित्य, प्रयोगशाळेच्या पेट्या हलवाव्या लागतातच. आधी ती ओझी रोज कोण वाहते, हे मुलांनी शोधावे आणि शिपाईमामांना किंवा मावशींना त्यांची अडचण विचारावी. मग दारे मोजावीत, उंबरे मोजावेत, गाडीचे चित्र काढावे आणि वर केली तशी आकडेमोड करावी. गाडी झाल्यावर ताणकाट्याने ओढून हिशोब पडताळावा. आकडे जुळणार नाहीत. का जुळले नाहीत, आसाचे घर्षण किती, जमिनीचे किती, हे शोधण्यात आणखी दोन तास जातील. ते तास वाया गेले असे समजू नये. आणि प्रदर्शनात रोबोसमोर नावांची पाटी लावाल, तेव्हा गाडी बनवणाऱ्यांची नावेही त्याच पाटीवर, त्याच आकाराच्या अक्षरांत लिहावीत.