खोडदच्या दुर्बिणीतील माहितीचे वहन आणि पडद्यावरील घटकांचा प्रश्न

जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या इतिहासाची चर्चा बहुधा नाणेघाटातील सातवाहनकालीन लेख, लेण्याद्री आणि शिवनेरी यांच्याभोवती फिरते. नाणेघाटाचा लेख त्यातील ब्राह्मी संख्याचिन्हांमुळे जगभर अभ्यासिला गेला, हे सर्वश्रुत आहे. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच प्रदेशात माहितीच्या वहनाची दोन मोठी केंद्रे उभी राहिली, ही गोष्ट स्थानिक इतिहासात क्वचितच नोंदविली जाते. पहिले केंद्र म्हणजे आर्वी येथील उपग्रह भूकेंद्र. ते १९७१ साली कार्यान्वित झाले आणि पुढे विक्रम साराभाई यांच्या नावाने ओळखले गेले. दुसरे केंद्र नारायणगावच्या पूर्वेस खोडद येथे आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राने तेथे उभारलेली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण हा प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय होय.

या दुर्बिणीकडे खगोलशास्त्राच्या दृष्टीने पुष्कळ पाहिले गेले आहे. येथे तिचा विचार एका वेगळ्या आणि वरकरणी क्षुल्लक प्रश्नाच्या संदर्भात करावयाचा आहे. मोबाईलवरील ॲपची रचना करणारांस तो रोज भेडसावतो. नारायणगावच्या टोमॅटो बाजाराचे भाव दाखविणारे एखादे ॲप कल्पिले, तर त्याच्या एका पडद्यावर मालाची यादी असते, दुसऱ्यावर निवडलेल्या मालाचा तपशील असतो आणि तिसऱ्यावर हिशेब. हे घटक स्वतंत्रपणे लिहिलेले असतात. मग पहिल्यात निवडलेले मूल्य दुसऱ्याकडे कसे पोचवावे, दुसऱ्यात झालेला बदल पहिल्याला कसा कळवावा, आणि दोहोंत तफावत पडल्यास खरे कोणाचे मानावे? प्रश्न येवढाच आहे. पण तो नीट न सुटल्यास एका पडद्यावर कालचा भाव आणि दुसऱ्यावर आजचा, असा प्रकार घडतो.

खोडदच्या दुर्बिणीत हाच प्रश्न २५ किलोमीटरच्या विस्तारात मांडलेला आहे. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या कल्पनेतून १९८० नंतरच्या दशकात आकारास आलेल्या या योजनेत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्यांपैकी १४ सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती क्षेत्रात विखुरलेल्या असून उरलेल्या १६ तीन भुजांवर, इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात, पसरल्या आहेत. प्रत्येक भुजा सुमारे १४ किलोमीटर लांबीची आहे. एकेकटी अँटेना आकाशाविषयी फारसे सांगू शकत नाही. ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात, आणि प्रत्येक जोडीच्या संकेतांची परस्परांशी तुलना केल्यावरच प्रतिमा घडते. तेव्हा येथे वहन हे दुर्बिणीला जोडलेले उपांग नसून वहन हीच दुर्बीण आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

वहनाचे दोन मार्ग त्या काळी उपलब्ध होते. खंडाखंडांत विखुरलेल्या दुर्बिणींचे निरीक्षक आपापल्या ठिकाणी अचूक घड्याळाच्या साह्याने संकेत चुंबकीय फितीवर नोंदवीत आणि त्या फिती एका केंद्राकडे धाडीत. म्हणजे देणारा व घेणारा यांची गाठ कधीच पडत नसे, मधले साठवणच दोहोंना जोडी. खोडद येथे मात्र प्रत्येक अँटेनाचा संकेत प्रकाशतंतूंतून तत्क्षणी मध्यवर्ती इमारतीत आणण्याचा मार्ग स्वीकारला गेला. तंतूतून प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर असतो. १४ किलोमीटरच्या भुजेच्या टोकाहून येणारा संकेत निदान ७० मायक्रोसेकंद उशिरा पोचतो. शिवाय आकाशातील लहर सर्व अँटेनांवर एकाच क्षणी आदळत नाही. हे दोन्ही विलंब मोजून भरून काढल्यावाचून तुलना निरर्थक होय. अचूक मूल्य चुकीच्या वेळी पोचले तर ते चुकीचे मूल्य ठरते, ही गोष्ट या रचनेत मुळापासून गृहीत धरलेली आहे.

उलट दिशेने काय जाते, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. केंद्राकडून प्रत्येक अँटेनाकडे संदर्भ-वारंवारिता पाठविली जाते, आणि अँटेनावरील आंदोलक तिच्याशी बांधलेला राहतो. तीस ठिकाणी तीस स्वतंत्र घड्याळे ठेवून ती जुळविण्याची खटपट न करता एकच मूळ सर्वांस वाटून देणे, हे या व्यवस्थेचे मर्म होय. आज्ञांचीही तीच रीत. अमुक दिशेस वळावे, येवढेच केंद्र सांगते. प्रत्यक्ष वळविण्याचे काम अँटेनाच्या पायथ्याशी असलेला संगणक पाहतो आणि आपली स्थिती केंद्रास परत कळवितो. वारा फार वाढल्यास अँटेना ऊर्ध्वमुख करून ठेवतात. आज्ञा खाली येते, वृत्त वर जाते. एक अँटेना दुसरीला परस्पर हुकूम देत नाही.

आता मोबाईलकडे वळावे. पडद्याची रचना आणि त्यामागील माहिती यांची फारकत करण्याचा विचार जुना आहे. नॉर्वेजियन संगणकतज्ज्ञ त्रिग्वे रीन्स्काउग यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील केंद्रात १९७८–७९ मध्ये तो मांडला. २००८ साली आलेल्या अँड्रॉइडमध्ये एका पडद्याकडून दुसऱ्याकडे माहितीचे गाठोडे बांधून पाठविण्याची सोय होती. या गाठोड्यांना मर्यादा आहे: एका प्रक्रियेच्या चालू असलेल्या सर्व देवघेवींना मिळून सुमारे एक मेगाबाइट. एखादे मोठे छायाचित्र त्यात कोंबल्यास ॲप कोसळते. म्हणून वस्तू न पाठविता तिचा क्रमांक पाठवावा आणि वस्तू एका सामाईक साठ्यातून घ्यावी, अशी रीत रूढ झाली. फेसबुकने २०१३ साली खुली केलेली रिॲक्ट ही रचना एक पाऊल पुढे गेली. तिच्यात मूल्य वरच्या घटकाकडून खालच्याकडे उतरते. खालचा घटक ते स्वतः बदलीत नाही, घडलेली घटना फक्त वर कळवितो आणि बदल वरच होतो. २०१५ पासून रिॲक्ट नेटिव्हच्या द्वारे हीच पद्धत मोबाईलवर आली.

खोडदची नियंत्रणव्यवस्था आणि ही रचना यांत जनक-जन्य संबंध आहे, असे मानण्यास आधार नाही, आणि तसा आग्रह धरणे इतिहासदृष्ट्या अयोग्य होईल. साम्य आहे ते प्रश्नाच्या स्वरूपात. जेथे अनेक स्वतंत्र घटकांस एकच गोष्ट खरी मानावी लागते, तेथे तिचा उगम एकच ठेवावा लागतो. भेद सांगावयाचा तर तो चुकीच्या किमतीचा आहे. ॲपमध्ये मूल्य हरवले तर पडदा पुन्हा भरता येतो. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपीय स्कियापरेली यानाचा क्षीण संकेत खोडदने टिपला. तो अपेक्षित अवतरणापूर्वीच थांबला. तो क्षण दुसऱ्यांदा मागविता येण्यासारखा नव्हता.

या दोन जगांचा प्रत्यक्ष संबंध मात्र विरोधाचा आहे. दुर्बिणीच्या नूतनीकरणानंतर तिचे ग्रहणपट्टे १२० पासून १४५० मेगाहर्ट्झपर्यंत विस्तारले, तरी ८५० ते १००० या दरम्यान खंड राहिला. आणि ९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा भ्रमणध्वनीचा पट्टा नेमका याच खंडात येतो. जे ॲप शेतकऱ्याला बाजारभाव कळविते, त्याचे वाहक तरंगच दुर्बिणीला कोलाहल वाटतात. पुणे–नाशिक लोहमार्गाच्या मूळ आखणीसही याच कारणास्तव हरकत घेतली गेली आणि ती आखणी मागे पडली. जुन्नर, आंबेगाव व संगमनेरच्या रहिवाशांनी मूळ मार्गाचा आग्रह धरला. ज्या शांततेसाठी हे ठिकाण निवडले गेले, तिचा भार कोणी किती सोसावा, हा वाद त्यामुळे आता प्रयोगशाळेच्या कुंपणाबाहेर, मंचर ते नारायणगावच्या रस्त्यावर येऊन ठेपला आहे.