पिकअपचा शाफ्ट गंजलाय? नळीवरचा गंज घासून निघतो, क्रॉसजवळची तांबूस भुकटी मात्र धोक्याची

अंबरनाथ : आनंदनगर एमआयडीसीत माल पोहोचवणाऱ्या आणि मुरबाड, शहापूरकडून कल्याणच्या बाजार समितीत भाजी आणणाऱ्या पिकअप गाड्यांचे पावसाळ्याचे चार महिने चिखल-पाण्यातच जातात. दसऱ्याला गाडी धुवायला काढली आणि खाली वाकून पाहिले, की मधला लांब दांडा विटकरी रंगाचा झालेला दिसतो. ‘शाफ्ट गेला, बदलावा लागेल’ असे कुणीतरी सांगते आणि काही हजारांचा खर्च समोर उभा राहतो. बहुतेक वेळा या खर्चाची गरज नसते. पण त्याच शाफ्टच्या टोकाला गंजाची दुसरी एक खूण असते. तिच्याकडे काणाडोळा केला तर मात्र गाडी रस्त्यात घात करू शकते.

हा दांडा म्हणजे प्रोपेलर शाफ्ट. गॅरेजमध्ये त्याला नुसते शाफ्ट म्हणतात. गिअरबॉक्समधली ताकद मागच्या डिफरन्शियलपर्यंत नेणे हे त्याचे काम. तो भरीव दिसतो, पण असतो पोकळ नळीचा. नळीची जाडी साधारण दोन-तीन मिलिमीटर. दोन्ही टोकांना क्रॉस असतात, कारण खड्ड्यात मागचा एक्सल वर-खाली होतो तेव्हा शाफ्टला वाकडे होऊन फिरावे लागते. लांब बॉडीच्या गाडीत शाफ्टचे दोन तुकडे असतात आणि मध्ये सेंटर बेअरिंग. गाडी ताशी साठच्या वेगात असताना शाफ्ट मिनिटाला दीड-दोन हजार फेरे मारतो. म्हणूनच त्याचा तोल कारखान्यात बारकाईने साधलेला असतो.

लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज धरतोच. ठाणे जिल्ह्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, त्यामुळे खालचा रंग दगड-खडीने उडाला की उघडे लोखंड आठवडाभरात लाल होते. गाडीत काय भरता यावरही बरेच अवलंबून आहे. खताची फाटकी गोणी, मासळीच्या क्रेटमधून गळणारे खारे पाणी, अ‍ॅसिडचा गळका कॅन यांचे थेंब फळ्यांच्या फटीतून थेट शाफ्टवर पडतात आणि गंजाचा वेग वाढतो. असा माल उतरवला की त्याच दिवशी साध्या पाण्याने खालून गाडी धुवावी.

गंज वरवरचा की आत गेलेला?

तारेच्या ब्रशने हातभर जागा घासून पाहावी. लाल थर निघून खाली गुळगुळीत किंवा किंचित खरबरीत लोखंड लागले, तर तो वरवरचा गंज. शाफ्टला त्याचा धोका नाही. पापुद्रे सुटत असतील, नख अडकेल असे खड्डे पडले असतील, नळीला पोचा असेल किंवा वेल्डिंगच्या कडेला बारीक चीर दिसत असेल, तर तो शाफ्ट बदलावा. वेल्डिंगचा तुकडा लावून घेणे हा स्वस्तातला महाग उपाय. तोल बिघडतो आणि गाडी थरथरू लागते.

वरवरचा गंज घरीही काढता येतो, पण आधी गाडी सपाट जागी लावावी. इंजिन बंद, किल्ली खिशात, हँडब्रेक ओढलेला आणि चारही चाकांना पुढून-मागून ठोकळे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये. सायलेन्सर थंड होऊ द्यावा आणि डोळ्यांवर चष्मा लावावा, कारण गंजाची पूड थेट तोंडावर पडते.

चिखल धुऊन शाफ्ट पूर्ण वाळवावा. तारेच्या ब्रशने गंज काढावा, मग पॉलिश पेपर फिरवावा. ग्राइंडर लावू नये, नळी पातळ होते. खड्ड्यांत राहिलेल्या गंजावर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे रस्ट कन्व्हर्टर लावता येते. त्यातले फॉस्फरिक अ‍ॅसिड उरलेल्या गंजाचा काळा, घट्ट थर बनवते. हातमोजे घालूनच ते लावावे. वाळल्यावर रेड ऑक्साइडचा एक पातळ हात आणि त्यावर काळ्या रंगाचा एक. जाड थर किंवा ओघळ नकोत, एकाच बाजूला रंग साचला तर तोही तोल बिघडवतो.

नळीवर वेल्ड केलेली पत्र्याची छोटी चौकोनी चकती दिसेल. गंजाची खपली समजून ती काढण्याचा मोह होतो. ते तोल साधणारे वजन आहे, त्याला हात लावायचा नाही. क्रॉसच्या टोप्या, ग्रीस निपल, रबरी सील आणि शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा खाचांचा भाग यांवरही रंग लागता कामा नये.

काही जण शाफ्टवर इंजिनचे जुने काळे ऑइल फासतात. त्याने गंज काही दिवस थांबतो खरा, पण धूळ चिकटून लगदा होतो, रबर खराब होते आणि पहिल्या पावसात ते ऑइल ओढ्याला जाते. ज्या उल्हास नदीचे पाणी बदलापूरपासून कल्याणपर्यंत पिण्यासाठी उचलले जाते, तिथेच ते पोहोचते. रंगाचा छोटा डबा त्यापेक्षा बरा.

तांबूस भुकटी दिसली तर

क्रॉसच्या टोपीभोवती बारीक, कोरडी, तांबूस भुकटी जमलेली दिसली तर ग्रीस संपले आहे आणि आतल्या सुया कोरड्या घासत आहेत, असे समजावे. ही भुकटी पुसून काही साधत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन, पण ठोकळे तसेच ठेवून, शाफ्ट हाताने पिळून आणि वर-खाली हलवून पाहावा. क्रॉसमध्ये ढिलेपणा जाणवला तर तो संपला. गाडी निघताना चिमणीसारखी चिवचिव, पहिल्यातून रिव्हर्सला टाकताना ‘कट्’ आवाज, ठरावीक वेगाला बॉडीची थरथर, ही त्याचीच लक्षणे.

क्रॉस काही शे रुपयांत येतो. तो तुटला तर शाफ्टचे पुढचे टोक रस्त्यावर आपटते आणि गाडी अनावर होऊ शकते. माळशेज घाट उतरताना असे झाले तर गिअरची ओढ एका क्षणात जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. शाफ्ट तुटलेली गाडी गिअरमध्ये टाकून उभी केली तरी जागेवर थांबत नाही, हेही लक्षात ठेवावे.

क्रॉस बदलायला शाफ्ट उतरवताना दोन्ही बाजूंना पंचने किंवा रंगाने खूण करायला मेकॅनिकला आठवण द्यावी. शाफ्ट उलटा किंवा फिरवून बसला तर नवा क्रॉस घालूनही गाडी थरथरते.

निपल असलेल्या क्रॉसला गाडीच्या पुस्तकात सांगितलेले ग्रीस, सांगितलेल्या किलोमीटरला भरावे. पावसाळ्यात त्याहून लवकर भरले तर उत्तम. चारही टोप्यांतून नवे ग्रीस डोकावेपर्यंत गन मारावी. एक टोपी कोरडी राहिली तर क्रॉस तिथूनच जातो. काही क्रॉस सीलबंद असतात, त्यांना निपल नसते. वॉशिंग सेंटरवर जोराच्या पाण्याचा फवारा थेट टोप्यांवर मारू देऊ नये, सीलमधून पाणी आत शिरते.

पुरात बुडालेल्या गाडीची गोष्ट वेगळी. 26 जुलै 2005 ला आणि जुलै 2019 मध्ये उल्हास नदीच्या काठी जसे पाणी चढले, तसे पाणी एक्सलपर्यंत आले असेल तर शाफ्टच्या रंगाची काळजी नंतर. आधी डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचे ऑइल तपासावे. ते दुधासारखे पांढरट झाले असेल तर पाणी आत गेले आहे. ऑइल बदलल्याशिवाय आणि क्रॉसमध्ये नवे ग्रीस भरल्याशिवाय अशी गाडी मालाला लावू नये.