मद्यप्राशन करून वाहन चालविणे : वर्षाखेरीचा हंगाम, कायदा व परिणाम

शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असता, अथवा अमली पदार्थाच्या अंमलामुळे वाहनावर योग्य ताबा ठेवण्याची शक्ती उरली नसता, मोटार वाहन चालविणे किंवा चालविण्याचा यत्न करणे हा भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ अन्वये फौजदारी अपराध आहे. अपराध बारमाही असला, तरी महाराष्ट्रात त्याचा खरा हंगाम नाताळच्या पूर्वसंध्येपासून नववर्षाच्या पहाटेपर्यंतचा. श्रावणाच्या तोंडावरची गटारी आणि धुळवड हे त्याचे दोन दुय्यम हंगाम होत. ३१ डिसेंबरच्या रात्री मोठ्या शहरांत जागोजागी नाकाबंदी होते, आणि पाठोपाठ पकडल्या गेलेल्या ‘तळीरामां’ची संख्या वर्तमानपत्रांत छापून येते, गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तील या पात्राला मराठी वार्ताहरांनी असे वार्षिक पुनर्जन्माचे वरदान देऊन ठेवले आहे.

या विषयातील कायद्याचा इतिहास म्हणजे एका प्रश्नाच्या उत्तराचा इतिहास होय : मनुष्य प्यालेला आहे, हे ठरवावयाचे कोणी आणि कशावरून? १९३९ च्या मोटार वाहन अधिनियमातील कलम ११७ चा भर आरोपीच्या असमर्थतेवर होता; मद्याच्या अंमलामुळे वाहन ताब्यात ठेवण्यास तो अपात्र झाला होता, हे फिर्यादपक्षाने शाबीत करावयाचे, आणि त्यासाठी पुरावा बहुधा डॉक्टरच्या नाकाचा व डोळ्यांचा. तोंडाला वास येत होता, चाल अडखळत होती, बोलण्यात सुसंगती नव्हती, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्या होत्या, असे दाखल्यात नमूद होई. परंतु रक्ताची अथवा लघवीची तपासणी झालेली नसता केवळ एवढ्या लक्षणांवरून मद्यप्राशन निर्विवाद शाबीत होत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका अपिलात १९७१ मध्ये दिला, आणि जुन्या पद्धतीचा पाया डळमळला. १९८८ चा अधिनियम झाला तेव्हा संसदेने एकदम दुसरे टोक गाठले : रक्तात मद्यार्क कितीही अल्प प्रमाणात असला तरी अपराध, अशी मूळ कलमाची शब्दयोजना होती. ही कठोरता टिकली नाही. १९९४ च्या दुरुस्तीने तीस मिलिग्रॅमची मर्यादा आणि श्वासपरीक्षेचे यंत्र या दोन्ही गोष्टी कलमात आल्या. इंग्लंडात हीच मर्यादा १९६७ पासून ऐंशी मिलिग्रॅमची आहे, स्कॉटलंडने २०१४ च्या डिसेंबरात, म्हणजे ऐन नाताळच्या तोंडावर, ती पन्नासावर आणली. त्या मानाने भारतीय मर्यादा कडकच म्हटली पाहिजे. मर्यादा कडक असल्याने अंमल कडक होतो असे मात्र नव्हे.

महाराष्ट्राची गोष्ट आणखी एका कारणाने निराळी आहे. ज्या राज्यात नववर्षाच्या रात्री रस्ते गजबजतात, ते राज्य कागदोपत्री आजही दारूबंदीच्या कायद्याखालीच नांदते. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम रद्द झालेला नाही. त्याच्या नावातील मुंबईच्या जागी महाराष्ट्र आले, बंदीची धार परवान्यांनी बोथट झाली, इतकेच. मद्य बाळगण्यास व पिण्यास वैयक्तिक परवाना लागतो. तो एका दिवसाचा, एका वर्षाचा किंवा तहहयात मिळतो, आणि एका दिवसाच्या परवान्याचे शुल्क विदेशी मद्यासाठी पाच रुपये व देशीसाठी दोन रुपये असे, आजच्या चहाच्या पेल्यालाही लाजविणारे, ठेवलेले आहे. बिअरसाठी एकवीस वर्षे व तीव्र मद्यासाठी पंचवीस वर्षे पूर्ण झालेली असली पाहिजेत. रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे पन्नास मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मद्यार्क आढळल्यास आपण निषिद्ध मद्य घेतले नाही हे दाखविण्याचा भार याच अधिनियमाने आरोपीवर टाकला आहे. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच रक्ताला दोन कायद्यांची दोन मापे लागू पडतात.

डिसेंबरअखेर तर राज्याचे दोन हात दोन दिशांना चालू लागतात. २४, २५ आणि ३१ डिसेंबर या रात्रींसाठी परवाना कक्ष पहाटे पाचपर्यंत उघडे ठेवण्याची मुभा शासन देत आले आहे, आणि त्यामागे उत्पादन शुल्काच्या महसुलाचा विचार उघड असतो. त्याच रात्री त्याच शासनाचे गृहखाते त्या परवाना कक्षांच्या वाटांवर लोखंडी अडथळे उभे करते. कायदा व सुव्यवस्थेच्या कारणास्तव मद्यविक्री बंद ठेवण्याचा अधिकार दारूबंदी अधिनियमाच्या कलम १४२ ने जिल्हाधिकाऱ्याला दिलेला आहे. अनंत चतुर्दशीस किंवा मतदानाच्या वेळी तो वापरला जातो, पण वर्षाखेरीस त्याची आठवण सहसा कोणास होत नाही. यास ढोंग म्हणण्यापेक्षा तडजोड म्हणणे अधिक न्याय्य होईल : लोकांनी प्यावे, परंतु स्वतः गाडी हाकीत घरी जाऊ नये, एवढीच राज्याची अपेक्षा असते. मुंबईत मध्य व पश्चिम रेल्वे त्या रात्री विशेष लोकल सोडतात, त्या याच अपेक्षेला धरून आहेत. ज्या गावी पहाटे तीनला ना गाडी ना रिक्षा, तेथे ही अपेक्षा हवेत राहते.

नाकाबंदीचे प्रत्यक्ष कामकाज असे चालते. गणवेशातील अंमलदार वाहन थांबवितो, काच खाली घ्यावयास लावतो, दोन शब्द बोलवून वास घेतो. संशय आल्यास मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०३ अन्वये यंत्राच्या नळीत फुंकावयास सांगतो. नळी प्रत्येकास नवी, पुडीतून समोर फोडून द्यावयाची असते. फुफ्फुसाच्या तळची हवा यंत्रात पोचावी म्हणून श्वास दीर्घ सोडावा लागतो, आणि गाल फुगवून उसने फुंकणाऱ्यास ‘पुन्हा’ असा हुकूम मिळतो. श्वासातील व रक्तातील मद्यार्काचे परस्परप्रमाण सामान्यतः १ : २१०० धरून यंत्र रक्तातील अंक दाखविते, आणि त्याची छापील पट्टी प्रकरणाच्या कागदांस जोडली जाते. करोनाच्या साथीत हे फुंकणे बंद ठेवावे लागले तेव्हा संशयितांना रक्ततपासणीसाठी नेण्यात येई. फुंकण्यास नकार देणाऱ्यास, संशयास वाजवी कारण असल्यास, वॉरंटाशिवाय अटक करता येते. कलम २०४ खाली नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाकडून त्याच्या रक्ताचा नमुना घेतात, आणि स्त्रीच्या बाबतीत तो स्त्री डॉक्टरने अथवा दुसऱ्या स्त्रीच्या उपस्थितीत घ्यावा लागतो. सबळ कारणाशिवाय तपासणी नाकारली, तर तो नकारच कलम २०५ प्रमाणे विरुद्ध पुराव्यास बळकटी देतो. पण सर्वांत कळीची तरतूद कलम २०२ मध्ये आहे : अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी न झाल्यास इसमास सोडून द्यावे लागते. दोन तासांची ही मुदत साध्या दिवशी पुरेशी वाटते. ३१ डिसेंबरला, सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात एकाच डॉक्टरसमोर रांग लागली असता, ती किती झरझर सरते हे तेथे बसलेल्या शिपायास विचारावे.

मुदतीचे महत्त्व मद्यार्काच्या स्वभावात आहे. यकृत त्याचे विघटन जवळजवळ ठरावीक गतीने करते. ताशी शंभर मिलिलिटरमागे सुमारे पंधरा मिलिग्रॅम, व्यक्तिपरत्वे थोडे कमीअधिक. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याचा हबका किंवा उलटी यांनी ही गती वाढत नाही. पहाटे दोन वाजता ज्याच्या रक्तात एकशेवीस मिलिग्रॅम आहे, तो सकाळी आठलाही तिसाच्या उंबरठ्यावरच असतो, आणि झोप काढून, आंघोळ करून, कपाळी गंध लावून तो देवदर्शनास निघाला असला तरी यंत्रास त्याचे काही नसते. उलट, अपघातानंतर पळून जाऊन दुपारी हजर झालेल्याच्या रक्तात काहीच सापडत नाही. प्रामाणिकपणे जागेवर थांबणारा सापडतो आणि पळणारा सुटतो, हा या मोजमापाच्या पद्धतीतील मोठा दोष होय.

शिक्षेची तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने वाढली. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दहा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. पुनरपराधास दोन वर्षांपर्यंत कैद, अथवा पंधरा हजार रुपये दंड, अथवा दोन्ही. पूर्वी पहिल्या अपराधाचा दंड दोन हजारांपुरता होता. हा अपराध जागच्या जागी पैसे भरून मिटविण्याच्या वर्गात मोडत नाही. दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहावेच लागते, आणि दोषी ठरल्यास कलम २० नुसार न्यायालयाने किमान सहा महिने वाहन चालविण्यास अपात्र ठरविणे बंधनकारक आहे. नोकरीनिमित्त ज्याचे सारे आयुष्य चाकावर चालते, त्या चालकास दंडापेक्षा ही अपात्रता अधिक झोंबते. कलम १८८ ने चिथावणी देणारा वा साहाय्य करणाराही त्याच शिक्षेस पात्र केला आहे. मित्राच्या हाती किल्ली देऊन शेजारी बसणाऱ्याने हे कलम वाचलेले असणे इष्ट, जरी त्याखाली खटले क्वचितच उभे राहतात. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने एका आरोपीस जामीन देताना, तीन महिने शनिवार-रविवारी वरळी नाक्यावर मद्यप्राशनविरोधी फलक हाती धरून उभे राहण्याची अट घातली होती.

मनुष्यहानी झाली की प्रकरण मोटार अधिनियमाबाहेर जाते. या बाबतीत वांद्र्याच्या कार्टर रोडवरील अपघात पायाभूत ठरला. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे भरधाव मोटार पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गेली. सात मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के मद्यार्क आढळला. सत्र न्यायालयाने हयगयीने झालेला मृत्यू मानून सहा महिन्यांची सजा दिली, तेव्हा लोकांत क्षोभ उसळला. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध धरून ती तीन वर्षांवर नेली, आणि १२ जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम करताना, ही शिक्षाही तोकडीच असल्याचे मत नोंदविले. प्यालेल्या मनुष्यास आपल्या कृत्याने मृत्यू संभवतो याची जाणीव होती असे मानता येते, हे तत्त्व त्यातून रूढ झाले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हयगयीच्या मृत्यूस कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत, तर अशा जाणिवेने केलेल्या सदोष मनुष्यवधास कलम १०५ खाली दहा वर्षांपर्यंत कैद आहे.

तत्त्व रूढ झाले तरी पुरावा दर खटल्यात नव्याने उभा करावा लागतो. वांद्र्यातच २००२ मध्ये घडलेल्या अपघाताबद्दल एका चित्रपटनटावर चाललेल्या खटल्यात मद्यप्राशन निःसंशय शाबीत झाले नाही व वाहन तोच चालवीत होता हेही ठरले नाही, म्हणून उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्यास निर्दोष सोडले. रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवरच तेथे बराच युक्तिवाद झाला होता. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन अभियंते ठार झाले, तेव्हा तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीने गाजलेला जामीन लोकांच्या लक्षात राहिला. परंतु खटल्याच्या दृष्टीने अधिक गंभीर होता तो रक्तनमुनाच बदलल्याचा आरोप, ज्यावरून दोन डॉक्टरांना अटक झाली. अल्पवयीनाच्या अपराधासाठी २०१९ पासून मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १९९अ ने पालकास अथवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजारांचा दंड, आणि वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, अशी तरतूद केलेली आहे.

विम्याच्या बाबतीत पुराव्याचे माप निराळे असते. २२ डिसेंबर २००७ रोजी दिल्लीत इंडिया गेटजवळ एक पोर्श मोटार आदळून जळाली; श्वासाची वा रक्ताची तपासणी झालेली नव्हती, म्हणून नुकसानभरपाई मिळावी असे मालक-कंपनीचे म्हणणे होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या एप्रिलात ते फेटाळले : तपासणीचा अंक नसला तरी, चालक मद्याच्या अंमलाखाली होता हे विमा कंपनी अन्य परिस्थितीवरून दाखवू शकते. जो तोंडाचा वास १९७१ मध्ये कैदेसाठी अपुरा पडला होता, तो पैशाच्या दाव्यात इतर परिस्थितीच्या जोडीने ग्राह्य ठरला. तिऱ्हाइताच्या भरपाईचे निराळे : जखमीस किंवा मृताच्या वारसांस विमा कंपनीने प्रथम रक्कम द्यावी व नंतर ती वाहनमालकाकडून वसूल करावी, असे हुकूम मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे अनेकदा करतात.