उद्या शिंका येतील का? ॲलर्जीच्या अंदाजाची गोष्ट

पाऊस येणार का, हे तुम्ही मोबाईलवर रोज पाहता. पण उद्या दमा उसळेल का, शिंकांनी हैराण व्हाल का, हे पाहता का? अमेरिकेत लोक ते पाहतात. तिथे पिनकोड टाकला की त्या भागातले परागकण, दमा आणि सर्दी-तापाच्या साथीचा अंदाज दिसतो. तो अंदाज आपोआप आणून देणाऱ्या छोट्या संगणक-प्रणालीही हौशी लोकांनी लिहिल्या आहेत. एक उत्तर येईपर्यंत त्या ताटकळत बसत नाहीत, सगळे प्रश्न एकदमच विचारून ठेवतात. आपण नाही का, रक्त तपासायला देऊन रिपोर्टची वाट न पाहता एक्स-रेच्या रांगेत उभे राहतो, तसेच. मात्र आपल्या सणसरचा पिनकोड तिथे चालत नाही.

ही विद्या सुरू झाली मँचेस्टरमध्ये. चार्ल्स ब्लॅकली या डॉक्टरांना स्वतःलाच दर उन्हाळ्यात शिंकांचा त्रास. त्या काळी लोक उन्हाला, धुळीला दोष देत. ब्लॅकलींनी गवताचे पराग स्वतःच्याच नाकात घालून पाहिले, कातडीवर चोळून पाहिले. मग चिकट काचपट्ट्या उघड्यावर ठेवून त्यांवर बसलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. पतंगाला काच बांधून उंचावरच्या हवेतलेही पकडले! पराग वाढले की त्रास वाढतो, हे त्यांनी 1873 च्या पुस्तकात मांडले. पुढे 1952 मध्ये हर्स्ट यांनी मिनिटाला दहा लिटर हवा ओढणारे यंत्र बनवले. माणूस स्वस्थ बसून साधारण तेवढीच हवा घेतो. त्यामुळे कोणत्या तासाला किती कण होते, हे कळू लागले.

अंदाज नसला तर काय होते, हे मेलबर्नने 21 नोव्हेंबर 2016 ला पाहिले. वादळी पावसात गवताचे पराग फुटून बारीक झाले आणि थेट छातीत गेले. हजारो लोक दवाखान्यांत धावले, दहा जण दगावले. त्यांतल्या कित्येकांना आपल्याला दमा आहे हेच ठाऊक नव्हते. पुढच्याच वर्षी तिथे अशा वादळाचा इशारा देणे सुरू झाले.

आपल्याकडची गोष्ट गाजर गवताची. 1955-56 च्या सुमारास पुण्यात ते नजरेत आले. परदेशी गव्हातून आले म्हणून ‘काँग्रेस गवत’ हे नाव पडले, असे म्हणतात. 1974 मध्ये पुण्याच्या डॉ. लोणकरांनी सहकाऱ्यांसह या गवताने होणाऱ्या त्वचारोगावर निबंध लिहिला. चेहरा, मान, कोपराचा खळगा, म्हणजे उघडे अंग खाजून जाड होते. शेतकऱ्याला वाटते, ऊन बाधले. ते गवत खाणारे मेक्सिकन भुंगे 1984 मध्ये भारतात आणले, पण बांधावरचे गवत अजून आहेच.

आणि साखरपट्ट्यातला खास आजार म्हणजे बगॅसचा. भवानीनगरचा छत्रपती कारखाना तुम्हाला सांगायला नको. उसाचा चोथा ओला साठून राहिला की त्यात बुरशीसारखे जंतू वाढतात. त्या धुळीत काम केल्यावर चार-सहा तासांनी ताप, कोरडा खोकला, दम लागतो. रुग्ण म्हणतो, ‘थंडीताप झाला.’ म्हणून डॉक्टरांना आपले काम काय, हे न विचारताही सांगा.

पुण्याच्या आयआयटीएमने ‘सफर’ ही हवेच्या अंदाजाची सेवा 2010 मध्ये दिल्लीत आणि 2013 मध्ये पुण्यात सुरू केली. पण तिचा भर धूर-धुळीवर आहे, आणि पुण्याची हवा शंभरेक किलोमीटरवरच्या सणसरची नव्हे. इथे गाळप वेगळे, पाचट जाळणे वेगळे.

तोवर ब्लॅकलींची रीत वापरा, फक्त पतंग नको. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज खूण करा: शिंका, खाज, धाप, रात्री जाग आली का. शेजारी लिहा: खुरपणी, फडात गेलो, पाचट पेटले, ढग गडगडले. वर्षभराचे ते कॅलेंडर तपासणीला घेऊन या. तुमचा त्रास कोणत्या महिन्यात सुरू होतो हे त्यावरून दिसले, तर रोजचा पंप त्याच्या दोन आठवडे आधी सुरू करता येतो. चालू असलेला पंप मात्र बरे वाटते म्हणून मनाने बंद करू नका.