आडनाव गेलं, नंबर राहिला: मॉरिशसच्या मराठी घरांचा माग

लवळ्याहून आपला नवा भाग, आणि ज्यांना हेडफोनपेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी ही त्याची लेखी आवृत्ती.

आधी एक खेळ. 'लवळे' हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहा. एल, ए, व्ही, ए, एल, ई. आता मुळशीत कधी पाऊल न ठेवलेल्या माणसाला तो वाचायला द्या. आमच्या टेकडीवर सिंबायोसिस आणि फ्लेमचे कॅम्पस आहेत, त्यामुळे हा प्रयोग इथे रोज आपोआप होतो. रिक्षावाल्याला कुणी 'लावाले' म्हणतं, कुणी 'लवाले', कुणी थेट 'लवेल'. 'ळ' तर इंग्रजीत शिरतच नाही. गुगल मॅप आहे म्हणून पोरं पोचतात. आता नकाशा काढून घ्या, मध्ये दीडशे-पावणेदोनशे वर्षं घाला, आणि गावाचं नाव मुंबई बंदरातल्या एखाद्या कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलंय असं समजा. आजचा विषय तो आहे.

इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली, तेव्हा मॉरिशसच्या ऊसमळ्यांना माणसं हवी होती. 1834 पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली. फसवणुकीच्या तक्रारी वाढल्या म्हणून 1839 मध्ये ही भरती थांबवली. 1842 मध्ये ती पुन्हा सुरू झाली, आणि कलकत्ता, मद्रास यांच्यासोबत मुंबई बंदरही मोकळं झालं. एकूण साडेचार लाखांच्या आसपास माणसं गेली. मुंबईहून गेलेली त्यात थोडी, पण ती आपली. रत्नागिरी, सातारा, कुलाबा अशा भागांतली. मळ्यात साखर, पगार महिना पाच रुपये, वर शिधा. एक दिवस कामावर आला नाहीत तर दोन दिवसांचा पगार कापायचे. परतीचा फुकट प्रवास आधी करारात होता, तो 1850 च्या दशकाच्या सुरुवातीला काढून टाकला. साधारण एक तृतीयांश लोक कधीतरी परत आले. बाकीचे तिथलेच झाले.

त्यांचे वंशज आज तिथे आहेत. वाक्वा, कास्कावेल या गावांत गणपती बसतो, गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, आणि कोकणातला जाखडी नाच 'झाकरी' नावाने जिवंत आहे. घरात बोलतात क्रिओल. मराठी शाळेत शिकतात. आणि यातले बरेच जण विचारतात, आमचं गाव कुठलं?

हे विचारण्यामागे नुसती हौस नाही. मार्च 2024 मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या, तेव्हा भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड मिळेल असं जाहीर झालं. कार्डासाठी पूर्वज इथून गेल्याचा कागद लागतो. तो कागद सुदैवाने आहे. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये स्थलांतराची रजिस्टरं जपून ठेवली आहेत. प्रत्येक माणसाला एक नंबर. त्यापुढे नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जात, गाव, जिल्हा, जहाज, आल्याची तारीख आणि कुठल्या मळ्यावर पाठवलं ते. बऱ्याच नोंदींत बापाचं नावही मिळतं.

आडनावाला रकानाच नव्हता.

इथे थोडं थांबतो, कारण खरी गोम इथे आहे. जगात दुसरीकडे लोक पूर्वज कसे शोधतात? इंग्लंडच्या टोकाला कॉर्नवॉल आहे. तांब्या-कथलाच्या खाणी बसल्या तसे तिथले खाणकामगार एकोणिसाव्या शतकात दक्षिण ऑस्ट्रेलियाला, अमेरिकेत मिशिगनला, अगदी आपल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीतही आले. त्यांचे पणतू आडनावावरून शोधतात. ट्रे, पोल, पेन या अक्षरांनी सुरू होणारं आडनाव दिसलं की माणूस कॉर्नवॉलचा. पुढे चर्चचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर उघडायचं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे तर आडनाव म्हणजे पत्ताच! चिपळूणकर, मालवणकर, देवरुखकर. ट्रे-पोल-पेनपेक्षा आपला 'कर' कितीतरी नेमका. पण मळ्याला माणसाचा पत्ता नको होता, हजेरी हवी होती. त्यामुळे रामा, बाप बापू, एवढंच लिहिलं गेलं. रामाच्या पोरांना पुढे फ्रेंच-इंग्रजी पद्धतीचं कुटुंबनाव लागलं, तेव्हा 'रामा' हेच आडनाव झालं. लक्ष्मणचं लक्सिमोन झालं, तेही आडनाव. बेटावर तर ओळख बंदराने व्हायची: कलकत्त्याहून आले ते कलकतिया, मद्रासचे ते मद्रास, आपले ते बॉम्बे. ज्याने मुंबई फक्त बोटीत चढताना पाहिली, तो जन्मभर बॉम्बे.

मागे मॉरिशसहून एका श्रोत्याने त्याच्या पूर्वजाच्या नोंदीचा फोटो पाठवला. गाव शिरगाव, जिल्हा रत्नागिरी. आम्हा सगळ्यांना वाटलं, झालं काम! मग यादी काढायला बसलो. रत्नागिरी शहराला लागून एक शिरगाव आहे. चिपळूण तालुक्यात दुसरं. देवगडला तिसरं, आणि ते आज सिंधुदुर्गात आहे, कारण सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 ला रत्नागिरीतूनच वेगळा झाला. नोंद झाली तेव्हा तिन्ही 'रत्नागिरी'च. (आमच्या शेजारी मावळातही एक शिरगाव आहे, पण जिल्ह्यामुळे ते तरी सुटलं.)

तर पहिलं काम म्हणजे जुना नकाशा मनात धरायचा. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. सातारा लिहिलं असेल आणि गाव पाटण-जावळीकडचं असेल, तर ते कोयनेच्या पाण्याखालीही असू शकतं. हे मुळशीकरांना वेगळं सांगायला नको. 1921 मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालंच, आणि आपल्याच तालुक्यातली गावं तळ्यात गेली.

दुसरं काम, जातीचा रकाना जपून वाचायचा. तेव्हाच्या इंग्रजी कागदांत 'मराठा' हा शब्द जातीसाठीही येतो आणि एकूण मराठी माणसांसाठीही. त्या एका शब्दावर घराण्याचा इतिहास उभारू नये.

आता इकडची बाजू. बोट गेली त्या वर्षाचा कागद गावात सापडेल अशी आशा मी धरत नाही. पेशवे दफ्तरात वतनदार, इनामदार भेटतात. दुसऱ्याच्या शेतात राबणारा तिथे कशाला येईल? म्हणून उलटं जावं लागतं. जो भाऊ गावातच राहिला, त्याचं घर शोधायचं. त्यासाठी कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना नंबर 14, जन्म-मृत्यूची नोंद. हे नाव तुम्ही अलीकडे बातम्यांत ऐकलंय. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधू लागली, तेव्हा तहसील कचेऱ्यांतले हेच गठ्ठे सुटले आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. आरक्षणावर तुमचं मत काहीही असो, त्या निमित्ताने कागदांवरची धूळ झटकली गेली हे माझ्या दृष्टीने मोठं काम झालं. त्याशिवाय नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थपुरोहितांच्या वह्या आहेत. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे हेळवी आहेत, जे पिढ्यान्‌पिढ्या दारोदार जाऊन वंशावळी सांगतात. पण वह्यांत शिरायलाही आडनाव लागतं. फिरून परत तिथेच!

राहिला फोटो. नोंदींसोबत फोटो काढायला 1860 च्या दशकात सुरुवात झाली, म्हणजे पहिल्या लाटेतल्या मराठी माणसांचा उतरतानाचा फोटो नाही. काहींचा मिळतो, तो नंतरचा. 1867 च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांनाही फोटोचा पास जवळ बाळगायची सक्ती झाली. पास नसेल तर पोलीस भटका म्हणून धरत. या जाचाविरुद्ध 1871 मध्ये 9,401 जुन्या मजुरांनी अर्ज केला. अडॉल्फ द प्लेवित्झ नावाच्या गोऱ्या मळेवाल्याने त्यांना मदत केली, आणि पुढच्या वर्षी इंग्लंडहून चौकशी आयोग आला. पाळत ठेवायला काढलेला तो फोटो आज नातवंडं मोठा करून भिंतीवर लावतात. मला यात विसंगती दिसत नाही. घरात दुसरा फोटोच नाही.

एक गोष्ट मात्र मला खुपते. शोधणारे सगळे तिकडचे आहेत. इकडून कुणी विचारत नाही की आपल्या भावकीतला कोण बोटीवर चढला. मुळशी-मावळातली माणसं मुंबईला डबे पोचवायला गेली, ती दिवाळीला, जत्रेला परत येत राहिली, म्हणून ती आठवणीत आहेत. समुद्रापलीकडे गेला तो एका पिढीत पुसला गेला. कदाचित घरच्यांना वाटलं असेल, मेला.

आमच्या शिरगावच्या श्रोत्याचं म्हणाल तर तीनपैकी एकही गाव अजून कटलेलं नाही. त्याच्या पणजीच्या तोंडी एका देवीचं नाव होतं, नवस बोलताना ती ते घ्यायची, एवढं त्याच्या आईला आठवतं. नाव क्रिओलमधून आलेलं, बरंच झिजलेलं आहे. त्याने ते रेकॉर्ड करून पाठवलंय, आणि या भागाच्या शेवटी तो आवाज जोडला आहे. चिपळूण, देवगड, रत्नागिरीच्या मंडळींनो, गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला स्पीकरवर ऐकवा. तिच्या ग्रामदेवीच्या नावासारखं वाटलं, तर आम्हाला व्हॉइस नोट टाका.